सरांची स्मृतिसभा: फक्त चांगलं बोलायचं की खरं बोलायचं?

वाचकाचं पत्र

ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका छोट्या वाचनालयाची मी सचिव आहे. गेल्या महिन्यात आमचे माजी अध्यक्ष गेले. नाव लिहीत नाही, इथे सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. त्यांच्याइतकं वाचन असलेला समीक्षक आमच्या माहितीत दुसरा नाही. वर्षानुवर्षं दर शनिवारी त्यांनी फुकट अभ्यासवर्ग चालवला, त्यातून शिकून कितीतरी मुलं पुढे गेली. याच सरांनी दलित आत्मकथनांना 'साहित्य नव्हे, कैफियत' असं म्हटलं आणि ते शेवटपर्यंत मागे घेतलं नाही. एका तरुण कवयित्रीच्या पहिल्या संग्रहावर असं काही लिहिलं की तिने पुढे कविता छापायला दिलीच नाही. आता कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, 'मरणान्तानि वैराणि', मरणाबरोबर वैर संपतं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. दुसरा म्हणतो, नुसती आरती ओवाळणार असाल तर आम्ही काळ्या फिती लावून दारात उभे राहू. काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नींची, सभा व्हावी अशी इच्छा आहे. मुलगी पुण्याहून येईल. सभा घ्यावी का? विरोधकांना बोलवावं का? शोकठरावात काय लिहावं? घरचे तीनेक हजार पुस्तकं आणि कागदपत्रं वाचनालयाला द्यायला तयार आहेत, त्याचं काय करावं? आणि वाचनकक्षाला सरांचं नाव द्यावं का?
— एक सचिव, ठाणे (पश्चिम)

आमचं उत्तर

सभा घ्या, आणि एकच घ्या. ती टाळलीत तर सरांचे चाहते एखाद्या हॉलमध्ये वेगळे जमतील, विरोधक फेसबुकवर वेगळे लिहितील, आणि सरांनी ज्या संस्थेला आयुष्य दिलं तिथे मात्र त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही असं होईल. काकूंना ते फार लागेल. ज्यांना सरांच्या लेखणीने दुखावलं त्यांनाही लागेल, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला एकही जागा उरणार नाही.

'मरणान्तानि वैराणि' म्हणणाऱ्या सदस्यांना एक गोष्ट जरूर सांगा. रामायणात राम हे बिभीषणाला सांगतो ते रावणाचे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून. पुढच्याच शब्दांत तो म्हणतो की हा जसा तुझा तसाच माझाही. वैर संपतं, संस्कार सन्मानाने होतात. सीतेला कुणी पळवलं हे मात्र त्यानंतर कुणी पुसून टाकत नाही. तुमच्या दोन्ही तटांना एकत्र बसवायला एवढा आधार पुरेसा आहे.

आधी ठरवायचं ते असं की मृत्यूनंतर किती दिवसांनी माणसं जमतायत आणि त्या वेळी किती मूल्यमापन पेलतं. 19 फेब्रुवारी 1915 ला गोपाळ कृष्ण गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले आणि स्मशानात बोलले. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती याच दोघांच्या गटांमध्ये. तरी त्या दिवशी टिळकांनी गोखल्यांना देशाचा हिरा म्हटलं, त्यांचा कित्ता गिरवा असं लोकांना सांगितलं, सुरतेचा हिशेब काढला नाही. चितेसमोर तेच शोभतं. दुसरा नमुना 18 जानेवारी 1943 चा. न्यायमूर्ती रानड्यांच्या 101 व्या जयंतीला पुण्याच्या डेक्कन सभेने डॉ. आंबेडकरांना बोलावलं. आपली मतं श्रोत्यांना आणि कदाचित निमंत्रकांनाही रुचणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं, भाषण छापताना प्रस्तावनेत त्यांनी तसं लिहिलं. तरी रानड्यांचं मोठेपण त्यांनी मापं लावून दाखवलं आणि विभूतिपूजेवर कडक टीका केली. रानड्यांना जाऊन तेव्हा 42 वर्षं झाली होती.

तुमची सभा या दोन टोकांच्या मध्ये येते. दीड-दोन महिन्यांनी होणाऱ्या सभेत कृतज्ञता पहिली असावी आणि वादाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत, लेखाच्या नावा-सालासकट असावा. वादाचा निकाल लावायचं काम मात्र त्या संध्याकाळचं नाही. ते वर्षभरानंतरच्या चर्चासत्रावर ठेवा आणि तसं सभेतच जाहीर करा. 'आज नाही, पण अमुक महिन्यात यावर पूर्ण दिवस बोलू' असं ऐकलं की दारातल्या माणसाचा अर्धा राग निवतो, पण ते चर्चासत्र खरोखर व्हायला हवं. नुसतं आश्वासन दिलंत तर पुढच्या वेळी तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रविवार घेणार असाल तर संध्याकाळी साडेपाचच्या आधी सुरू करू नका. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा दुपारपर्यंत चालतो आणि त्यानंतरही गाड्या रांगेला लागायला वेळ घेतात. कल्याण-डोंबिवलीहून किंवा ट्रान्स हार्बरने वाशी-नेरूळहून येणारे पाऊण तास उशिरा पोचतील आणि आधीच्या वक्त्यांसमोर रिकाम्या खुर्च्या असतील. घंटाळी-नौपाडा हा भाग ठाणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे, गाड्या लावायला जागा नाही, हे निमंत्रणातच लिहा. सव्वाशे खुर्च्यांचा हॉल घ्या. गडकरी रंगायतनसारखं मोठं नाट्यगृह घेऊ नका. तिथे पडद्यासमोर उभा राहिलेला माणूस भाषण ठोकतो आणि रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ लोक आपापल्या मनासारखा लावतात.

आता वक्ते. सभा बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

पाच वक्ते, प्रत्येकी आठ मिनिटं. मूकश्रद्धांजलीची दोन मिनिटं, प्रास्ताविक पाच, वाचन बारा, ठराव तीन. बेरीज बासष्ट मिनिटं होते. उशिरा सुरू होणं आणि लांबणारी भाषणं धरून दीड तास. सात-आठ वक्ते केलेत की शेवटच्या दोघांना 'दोनच मिनिटांत आटपा' अशी चिठ्ठी जाते, आणि ते दोघे नेमके नापसंती व्यक्त करणारे निघाले तर 'आम्हाला बोलू दिलं नाही' हाच दुसऱ्या दिवशीचा विषय होतो.

पहिला वक्ता शनिवारच्या वर्गातला विद्यार्थी असावा, आणि शक्यतो प्राध्यापक नसलेला. बँकेत, रेल्वेत, दुकानात काम करणारा कुणी तरी, ज्याला कविता वाचायला सरांनी शिकवलं. या वर्गाचं मोल त्याच्या तोंडून जितकं कळेल तितकं विभागप्रमुखाच्या तोंडून कळणार नाही. दुसरा, सरांची समीक्षा खरोखर वाचलेला अभ्यासक. त्याला 'सरांबद्दल बोला' असं सांगू नका. 'सरांच्या आधी ही गोष्ट मराठीत कशी पाहिली जायची आणि सरांनंतर काय बदललं, दोन उदाहरणं द्या' असं सांगा. नाही तर आठ मिनिटं व्यासंग, प्रज्ञा, चालता-बोलता ज्ञानकोश यांत जातात आणि नवख्या श्रोत्याला सरांनी नेमकं काय केलं हे कळतच नाही.

विरोधक तिसरा. पहिला नको, कारण सभा याच्यासाठीच बोलावली होती असं लोकांना वाटतं. शेवटचा तर मुळीच नको, कारण शेवटचं बोलणं निकालासारखं कानात राहतं आणि काकू तेच घेऊन घरी जातात. आणि त्याच्या लगेच पुढे चौथा वक्ता उभा करू नका. कितीही समंजस असला तरी तो आधीच्याला उत्तर द्यायला लागतो, आपली तयारी सोडून देतो आणि सभेचा वादविवाद होतो. तिसऱ्यानंतर सरांच्याच लेखातला उतारा वाचायला ठेवा. त्याबद्दल खाली सांगतो.

विरोधक निवडताना सगळ्यात चिडलेला माणूस शोधू नका. सरांचा तो लेख ज्याने पूर्ण वाचला आहे आणि त्याला लेखी उत्तर दिलं आहे असा शोधा. दलित साहित्याच्या चळवळीतल्या लेखकाला बोलावणार असाल तर फोनवर पहिल्याच वाक्यात विषय सांगा: 'सरांच्या अमुक लेखाला तुमचा विरोध काय होता आणि आज तो लेख तुम्हाला कसा दिसतो, यावर आठ मिनिटं बोलाल का?' पाठोपाठ हेही विचारा की त्यांना सरांच्या दुसऱ्या कशावर बोलायला आवडेल का. दलित लेखकाला फक्त जखम दाखवायला बोलावणं हाही अपमानच आहे. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव इतरांएवढ्याच टायपात, प्रवासखर्च इतरांना देता तोच, व्यासपीठावरची खुर्ची त्याच रांगेत.

चौथा, सरांचे लेख छापणारा संपादक किंवा जुना सहकारी. पाचवी मुलगी, तिची इच्छा असेल तरच. नसेल तर चारच वक्ते ठेवा, भरती करू नका.

मंचावर अध्यक्ष नको, फक्त सूत्रसंचालक. माईक स्टँडवर ठेवा. हातात दिलेला माईक परत मिळवायला मारामार होते. पहिल्या रांगेत एकाजवळ 'एक मिनिट' असा मोठ्या अक्षरांतला पुठ्ठा असू द्या आणि ते वक्त्यांना आधी माहीत असू द्या. श्रोत्यांतून 'दोन शब्द' मागणारे येतीलच. त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवा, लिहिलेलं सगळं वाचनालयाच्या दप्तरात जाईल असं सांगा आणि ते खरंच जपा. खुला माईक ठेवू नका. टाळ्यांबद्दल सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच बोलावं. टाळ्या सुरू झाल्या की कुणाला जास्त पडल्या याची मोजणी मनातल्या मनात सुरू होते. त्याने एवढंच म्हणावं: 'आज आपण सरांना आठवायला जमलो आहोत. त्यांच्याकडून शिकलेले इथे आहेत, त्यांच्याशी भांडलेलेही इथे आहेत, आणि त्यांच्या लिहिण्याने दुखावलेलेही. सगळे निमंत्रित आहेत. कुणाच्याही बोलण्यानंतर टाळ्या वाजवू नयेत ही विनंती.' बस्स. यापुढे सूत्रसंचालकाने स्वतःच्या कविता किंवा आठवणी घालू नयेत.

त्या कवयित्रीबद्दल आम्हाला विशेष सांगावंसं वाटतं. त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवून मोकळे होऊ नका. ज्यांचा त्यांच्याशी परिचय आहे अशा एकाच व्यक्तीने एकदाच फोन करावा. बोलायचं असेल तर वेळ आहे, लिहून पाठवायचं असेल तर वाचून दाखवू किंवा दप्तरात ठेवू, काहीच नको असेल तर तेही ठीक, असे तीन मार्ग सांगावेत. 'झालं गेलं विसरा', 'सर मनाने वाईट नव्हते' यातलं एक अक्षरही बोलू नये. त्यांनी नको म्हटलं तर व्यासपीठावरून त्यांचं नाव कुणीही घ्यायचं नाही, सहानुभूतीनेसुद्धा नाही, आणि हे सगळ्या वक्त्यांना बजावून सांगा. संमती नसताना उल्लेख झाला तर ती जुनी जखम सव्वाशे माणसांसमोर पुन्हा उघडी पडते. त्यांचा तो संग्रह मात्र वाचनालयात आहे का ते बघा. नसेल तर विकत घ्या आणि कपाटात लावा.

काकूंना पत्रिका छापण्याआधी घरी जाऊन भेटा, फोनवर नको. कोण बोलणार, कोण विरोधात बोलणार, कुठला उतारा वाचला जाणार, हे तीन तपशील त्यांना आधी कळलेच पाहिजेत. खाजगी आयुष्य, आजारपण, घरातले फोटो, पत्रं यांवर त्यांचा शब्द शेवटचा. छापून आलेल्या लिखाणावरचा मतभेद काढून टाका असं कुणी घरचं म्हणालं, तर नम्रपणे पण तिथेच नाही म्हणा. त्या वेळी 'बघू' म्हणालात तर सभेच्या दिवशी त्यांना फसवल्यासारखं वाटेल. समोरच्या रांगेत काकूंच्या शेजारी दाराच्या बाजूला मुलीची खुर्ची ठेवा. मध्येच उठावंसं वाटलं तर कुणाला ओलांडून जावं लागू नये.

उतारे तीन. मोठ्याने, सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चार मिनिटांच्या उताऱ्यात चारशे शब्द बसतात. पहिला उतारा सरांच्या लेखणीचं उत्तम रूप दाखवणारा. दुसरा, ज्याच्यावरून वाद झाला तो. 'कैफियत' असलेलं एकच वाक्य तोडून वाचू नका. आधीच्या परिच्छेदापासून सुरू करा आणि नंतरचा पुरा होऊ द्या. त्यामुळे चाहत्यांना 'संदर्भ सोडून वाचलं' म्हणता येत नाही, आणि 'त्यांना तसं म्हणायचंच नव्हतं' असं सांगणाऱ्यांनाही ते प्रत्यक्ष काय म्हणाले ते ऐकावं लागतं. तिसरा उतारा जिथे सरांनी कुणाचं तरी म्हणणं मान्य केलं, आपलं मत बदललं किंवा स्वतःबद्दल शंका घेतली असा. बारकाईने शोधा, इतकं लिहिणाऱ्या माणसाचं असं एखादं पान सापडण्याची शक्यता खूप आहे. नाहीच सापडलं तर तिसरा उतारा गाळा, ओढून-ताणून सरांना मवाळ करू नका. वाचणारा सरांचा लाडका विद्यार्थी नको, सरांची नक्कल करणारा तर नकोच. छापील साहित्यातला माफक उतारा जाहीर वाचायला प्रताधिकार कायदा मुभा देतो. अप्रकाशित पत्राची गोष्ट वेगळी. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लिखाण पुढे पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, तर त्यानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं तो टिकतो. म्हणून कुणी सभेत खिशातून सरांचं पत्र काढलं तर काकूंच्या लेखी होकाराशिवाय वाचू देऊ नका.

आता शोकठराव. तुमच्या मसुद्यात बहुधा असं वाक्य आलं असेल: 'सरांची काही मते वादग्रस्त असली तरी त्यांचे योगदान वादातीत आहे.' हे वाक्य काढा. त्यातल्या 'असली तरी'ने दुखावलेल्या माणसांना बाजूला सारलं जातं आणि वाद कशावरून झाला हेही कळत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्र, पूर्ण वाक्यांत लिहा आणि त्यांच्यामध्ये 'पण', 'तरी', 'मात्र' घालू नका. व्यासंगी, परखड, निर्भीड ही सगळी विशेषणं काढून त्यांच्या जागी साल, लेखाचं नाव, कामाचं नाव घाला. ठरावाचा कस त्यावरच लागतो. तिथे तपशील भरता येत नसेल तर ते वाक्यच नको. असा मसुदा चालेल:

'या वाचनालयाचे माजी अध्यक्ष ___ यांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते. ___ सालापासून त्यांनी येथे दर शनिवारी विनामूल्य अभ्यासवर्ग चालवला. त्यांचे ___ व ___ हे समीक्षाग्रंथ अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. दलित आत्मकथनांविषयी त्यांनी ___ साली "___" या लेखात मांडलेल्या भूमिकेने अनेक लेखक व वाचक दुखावले. त्या भूमिकेचा प्रतिवाद लेखी झाला असून मूळ लेख व प्रतिवाद दोन्ही या वाचनालयात वाचण्यास उपलब्ध आहेत. ही सभा सरांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.'

ठराव सभेच्या आधी कार्यकारिणीत शब्दशः मंजूर करून घ्या, सभेत फक्त वाचा, सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांत राहा. शब्दांची ओढाताण सभेत नको. ठरावाची प्रत काकूंना पोचवा आणि इतिवृत्तात चिकटवा. ठरावात लिहिलंत म्हणून मूळ लेख आणि प्रतिवाद खरोखर उपलब्ध हवेत. हॉलबाहेर एक टेबल मांडा. त्यावर सरांची पुस्तकं, तो लेख, त्याला आलेली उत्तरं, आणि ज्या पुस्तकांवरून वाद झाला ती पुस्तकंही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं, लक्ष्मण मानेंचं 'उपरा' 1980 चं. ज्या साहित्याला सरांनी साहित्य मानलं नाही ते सरांच्या सभेत हाताला लागावं, हे आम्हाला फार गरजेचं वाटतं.

काळ्या फितींना अडवू नका. आत येऊन शांत बसणार असतील तर फिती लावूनच बसू द्या. पत्रकं वाटायची असतील तर दाराबाहेर वाटू द्या. त्यांच्यातल्या एकाला आधी भेटून ठरावाचा मसुदा दाखवा, कारण आरती होईल या भीतीनेच ही भाषा आलेली असते. तरीही गोंधळाची शक्यता वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात सभेची तारीख, वेळ, जागा लिहिलेलं पत्र देऊन पोच घ्या. थेट प्रक्षेपण नको. चित्रीकरण करा, वक्त्यांची परवानगी घ्या, आणि दोन-तीन दिवसांनी पूर्ण सभा एकाच फाईलमध्ये टाका. तुकडे टाकले की प्रत्येक तट आपापला तुकडा फिरवतो. वाचनालयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तेवढे दिवस 'फक्त अॅडमिन' वर ठेवा. वक्त्यांना हेही माहीत असू द्या की भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. जिवंतपणी अब्रूला बाधली असती अशी आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली विधानं त्यात येतात. छापलेल्या लेखावरची प्रामाणिक टीका ही वेगळी गोष्ट आहे. ऐकीव किस्से सांगू नका, एवढं पथ्य पुरेसं आहे.

पुस्तकांना होकार द्या, पण उचलायला टेम्पो पाठवू नका. पहिली फेरी फक्त मोबाईल घेऊन. प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक खणाचा फोटो काढा, खणांना क्रमांक द्या, आणि पुस्तकं त्याच क्रमाने खोक्यांत भरा. समीक्षकाने कुठलं पुस्तक कशाशेजारी ठेवलं यावरून त्याचं काम कसं चालायचं ते कळतं, आणि विषयवार लावण्याच्या घाईत ते कायमचं जातं. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा असतील तर ती प्रत तुमच्याकडे आधीच असली तरी काढून टाकू नका. पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, कात्रणं, निमंत्रणपत्रिका तिथेच राहू द्या, फक्त कुठल्या पानाशी काय आहे याची नोंद करा. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढा, ठाण्याच्या दमट हवेत त्या गंजून कागद खातात. सेलोटेप आणि लॅमिनेशन कुणालाही करू देऊ नका. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांवर पसरतो आणि लॅमिनेट केलेला कागद परत सोडवता येत नाही. पावसाळ्यात हलवाहलव नको. आलेली खोकी दोन-तीन आठवडे वेगळ्या, कोरड्या खोलीत ठेवून कसर आणि वाळवी नाही ना ते पाहा, मगच मूळ संग्रहात मिसळा. लोखंडी कपाटं भिंतीपासून सुटी आणि जमिनीपासून वीतभर वर.

कागदपत्रांसाठी दानपत्र करा. सोबत यादी, कागद वाचनालयाचे आणि प्रताधिकार वारसांचा, अभ्यासकाला नक्कल द्यायची की नाही, आणि हयात माणसांची पत्रं किती वर्षं बंद ठेवायची, हे चार मुद्दे लेखी हवेत. काही पत्रं घरच्यांना ठेवून घ्यायची असतील तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी ती आधी काढावीत आणि यादीत 'इतकी पत्रं कुटुंबीयांकडे' अशी नोंद असावी. एकदा संग्रह तुमच्याकडे आला की सरांची अब्रू राखायला म्हणून एकही कागद बाजूला करायचा नाही, आणि त्यांना उघडं पाडायला म्हणून एकही कागद फोडायचा नाही.

सरांचं बरंच लिखाण वर्तमानपत्रांत आणि मासिकांत विखुरलेलं असणार. त्याची लेखसूची वर्षभरात दोन विद्यार्थ्यांकडून करून घ्या. एका लेखाला एक कार्ड: शीर्षक, नियतकालिक, तारीख, पान, नंतर कुठल्या पुस्तकात आला, आणि त्याला कुणी कुठे उत्तर दिलं. शेवटची नोंद सगळे विसरतात आणि मग चाळीस वर्षांनी वादाची एकच बाजू सापडते. कात्रणं 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करा, फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं द्या म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात गेले. त्यांच्याशी जमवून घेणं जवळच्यांनाही जड जायचं आणि त्यांच्या कितीतरी निष्कर्षांशी पुढच्या संशोधकांनी फारकत घेतली. पण धुळ्यातल्या मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांचं दप्तर सांभाळलं, म्हणून त्यांना खोडून काढणाऱ्यांनाही आज तिथे जाऊन कागद पाहता येतात. सरांसाठी तुमच्या वाचनालयाने करावं असं यापेक्षा मोठं काम आम्हाला दिसत नाही.

वाचनकक्षाचं नाव आत्ता नको. ज्या वाचकाच्या समाजाच्या आत्मकथनांना सरांनी कैफियत म्हटलं त्यालाही त्याच खोलीत रोज बसायचं आहे. त्याला न विचारता पाटी लावली तर ती हटवण्याची मागणी येईल, आणि लावलेली पाटी काढणं हा घरच्यांसाठी न लावण्यापेक्षा कितीतरी मोठा अपमान असतो. सध्या आलेल्या पुस्तकांच्या संग्रहाला सरांचं नाव द्या आणि प्रत्येक पुस्तकात तसा शिक्का मारा. ते त्यांचंच आहे, त्यावर कुणाचा आक्षेप असणार नाही. कक्षाचा विषय कार्यकारिणीत निघाला तर 'पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा' एवढीच नोंद इतिवृत्तात करा, आणि काकूंना ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा.